आमची वाटचाल: आगळ, आमसुले आणि उसने शब्द

कुडाळ तालुक्यातील आमचा कोकमाचा व्यवसाय सासूबाईंनी परसातल्या चार झाडांच्या रातांब्यांवर, म्हणजे कोकमाच्या फळांवर, सुरू केला, आणि जाहिरात म्हणून त्यांनी केलेली एकमेव गोष्ट म्हणजे मुंबईला परतणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीत आमसुलांची एक पुडी जास्तीची टाकणे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस 2018 मध्ये आल्यावर आम्ही त्यावर मालाचे फोटो आणि दर टाकू लागलो, आणि इन्स्टाग्रामवर गेल्यावर रोज काहीतरी लिहिण्याचे कामही मागे लागले. लिहिण्याजोगे जे काही घडते ते एप्रिल-मे महिन्यांतच, आणि नेमके तेव्हाच रातांबे फोडणे, सालांना रसाची पुटे देऊन उन्हात घालणे आणि आभाळ भरून आले की धावत जाऊन ती गोळा करणे यातून हात मोकळा होत नाही.

शेवटी मुलाने चॅटजीपीटी वापरायला शिकवले. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात महिनाभराचा मजकूर तयार झाला आणि मी तो न वाचताच एकेक करून टाकत गेले. त्यातल्या एका पोस्टमध्ये आमचे आगळ ‘थेट ग्लासात ओता आणि गोड गारव्याचा आनंद घ्या’ असे छापून गेले. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रातांब्याचा रस. तो सोलकढीला चमचा-दोन चमचे वापरतात आणि त्यात साखरेचा कणही नसतो, सरबतासाठी साखर घातलेले अमृत कोकम वेगळे असते. पुण्याच्या एका बाईंनी पाहुण्यांना ग्लास भरून आगळ दिले आणि मग मला फोन केला, ‘‘ताई, मी सरबत मागवलं होतं, तुम्ही समुद्र पाठवलात.’’ त्यांना अमृत कोकमाची बाटली आम्ही आमच्या खर्चाने पाठवली. दोष यंत्रावर ढकलणे सोपे होते; पण ‘आगळावर पोस्ट लिही’ यापलीकडे मी त्याला काहीच सांगितले नव्हते.

त्या रात्री उरलेला मजकूर वाचला तेव्हा घाम फुटला. कोकम वजन घटवते, आम्लपित्त बरे करते, असे दावे त्यात बेधडक केलेले होते. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असे जाहिरातीत म्हणण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांनी मनाई आहे, आणि परवान्याचा क्रमांक प्रत्येक बाटलीवर छापणाऱ्या माझ्यासारखीला असली चूक परवडणारी नाही.

आता क्रम उलटा केला आहे. दिवसभरात जे घडले ते मी फोनवर मालवणीत बोलून ठेवते, यंत्र त्याची प्रमाण मराठी करते, शुद्धलेखन पाहते आणि मुंबईतल्या अमराठी गिऱ्हाइकांसाठी हिंदी मजकूरही करून देते, जे मला एकटीला कधीच जमले नसते. मालाविषयीचे प्रत्येक वाक्य मात्र माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. गेल्या मे महिन्यात वळवाच्या सरीने अंगणातली आमसुले भिजली, तेव्हा मी बोलले होते, ‘‘पावसान घात केल्यान.’’ यंत्राने त्याचे ‘निसर्गाच्या लहरीपणामुळे उत्पादन प्रक्रियेत व्यत्यय आला’ असे केले. मी ते खोडून माझेच वाक्य ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा जणांनी विचारले, ‘‘सुकली का हो आमसुलं?’’