शरदातली पक्षीफेरी: चालणं कमी, थांबणं जास्त

सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधी फेरी सुरू झाली. एवढ्या लवकर पोचायचं ते फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू होण्याआधी पायवाटेवर आणि पाण्याकाठी उतरलेले पक्षी गाठायला. तळ्याच्या कठड्यावर करडा धोबी होता: सतत खालीवर होणारी लांब शेपटी, तिच्या मुळाशी खालून पिवळा रंग. त्याच्या मागे लागू नका. उडाला तरी तो बहुधा त्याच काठावर थोडा पुढे उतरतो.

खरी गंमत बागेच्या पश्चिम कडेच्या झाडीत, कारण पहिलं ऊन तिच्यावर पडतं. ऊब मिळाली की किडे हलू लागतात आणि त्यांच्यामागे वटवटे, चष्मेवाले, माशीमार येतात. सूर्य पाठीशी घेऊन उभं राहा. उलट बाजूनं तोच पक्षी नुसती काळी आकृती दिसतो. निदान अर्धा तास जागा सोडू नका. मिश्र थवा आला की पाच-सात मिनिटांत निघून जातो, आणि चालत राहणाऱ्याची व त्याची हमखास चुकामूक होते. बुलबुल आणि खारी एकदम कलकलाट करू लागल्या तर खोडालगतच्या दाट फांद्या तपासा. शिक्रा किंवा पिंगळा असू शकतो.

या दिवसांत रंगावर विसंबू नये. पिल्लांचा पहिला पिसारा, मोठ्यांची पीसगळ, यामुळे पुस्तकातलं नराचं चित्र फारसं कामाला येत नाही. भुवई, पंखावरची पट्टी आणि हालचाल पाहा. लाल छातीच्या माशीमाराच्या मादीला लाल रंग नसतोच. पण काळपट शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग असतात आणि ती शेपटी झटक्यानं वर उचलते. गाणीही फारशी ऐकू येत नाहीत; तुटक 'चक्', 'टिक्' अशा हाकांवरूनच दिशा पकडावी लागते. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं मात्र टाळाच.

दुर्बीण ८×४२ (वर्धन आठ पट, पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर) पुरते. १०×२५ खिशात मावते, पण पहाटेच्या उजेडात अंधारी: भिंगाचा व्यास भागिले वर्धन, म्हणजे डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशझोत ५.२५ ऐवजी २.५ मिलिमीटरच. चित्र कायम पुसट वाटत असेल तर बहुधा डायॉप्टर, म्हणजे दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी कडी, बिघडलेला असतो. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं दूरची पाटी स्पष्ट करा, मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रिकेची (डोळ्याकडच्या भिंगाची) ही कडी फिरवा. चष्मा असेल तर नेत्रिकांचे कप खाली. पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. खाली बघून दुर्बीण उचलली की फांदी हरवते.

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना सुरुवातीची वेळ, कालावधी आणि अंतर नोंदवा. न ओळखलेला पर्णवटवट्या तसाच 'प्रजाती अनिश्चित' म्हणून टाका. अंदाजानं नाव देण्यापेक्षा ते बरं.