दिवे घाटात घड्याळ म्हणालं, जरा चाला

पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा. तीस-बत्तीस किलोमीटर, आणि त्यात दिवे घाटाची चढण. पहाटे भवानी पेठेतून निघालो. हडपसर येता येता मनगट थरथरलं. दहा हजार पावलं पूर्ण, पडद्यावर फटाके. शेजारून चालणारे एक माउली म्हणाले, "फोन आलाय का?" मी दहा हजारांचं सांगितलं. "बरं," म्हणाले, "सासवड अजून लांब आहे."

हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने ठरवलेला नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या नावातच हा आकडा होता, आणि मग तो जगभर चिकटला. आमच्या ऑफिसातल्या स्टेप चॅलेंजलाही तोच. मी वारीला निघाले म्हटल्यावर टीममधल्या पोरांनी आधीच हात टेकले होते.

वडकी मागे पडलं आणि घाट लागला. घाटात चालतात असं आपण म्हणतो, खरं तर गर्दी आपल्याला वर ढकलत नेते. चार पावलं टाकली की पुढची दिंडी थांबते, मग आपण थांबायचं. पुन्हा तीन पावलं. घामाने अंगाला कपडे चिकटलेले, पोटऱ्या भरून आलेल्या, आणि अशात घड्याळ परत थरथरलं. बराच वेळ बसून आहात, उठा, जरा चाला! मी मोठ्याने हसले तेव्हा मागच्या बाईंनी "काय झालं गं?" म्हणून विचारलं, पण त्या गोंगाटात समजावणार काय?

घड्याळाचीही बाजू आहे म्हणा. त्याला पाय दिसतच नाहीत. आत एक ॲक्सेलरोमीटर असतो. तो तिन्ही दिशांचे झटके टिपतो, आणि ठरावीक तालात झटके येत राहिले की सॉफ्टवेअर त्याला पाऊल मानतं. नुसता हात हलला तर ते पाऊल धरलं जाऊ नये म्हणून बहुतेक घड्याळं सलग काही पावलं पडेपर्यंत गप्प राहतात आणि मगच मोजायला लागतात. मोकळ्या रस्त्याला हे छान चालतं. घाटात सलग असं काही नव्हतंच. त्यात पाऊल जितकं सावकाश, तितका झटका बारीक, आणि बारीक झटके गाळले जातात. संथ चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पावलं मनगटावर कमी भरतात, त्याचं कारण हेच.

मुक्कामावर आत्याला हे सांगितलं. दिंडी तिच्या गावची, जुन्नरकडची, आणि तुळस गेली कित्येक वर्षं तिच्या डोक्यावर. ती म्हणाली, "मग माझ्या हातात घालून बघ की." सासवडहून निघाल्यावर जेजुरीच्या वाटेवर घातलं. एक हात कायम वर, वृंदावन धरलेला. दुपारच्या विसाव्यापर्यंत आमची वाट एकच, पण माझ्या खिशातल्या फोनने जेवढी पावलं धरली होती त्याच्या दोन तृतीयांशसुद्धा तिच्या मनगटावर नव्हती. आणि ती तर माझ्याहून ठेंगणी, म्हणजे तिची पावलं जास्तच पडली असणार.

टाळकऱ्यांचं उलट. टाळाचा ठेका आणि चालीचा ठेका जवळपास सारखा, त्यामुळे घड्याळाला दोन्हींत फरकच कळत नाही. संध्याकाळी भजनात मांडी घालून बसले, टाळ हातात घेतला आणि तासाभरात जागची न हलता तीनेक हजार पावलं चालून आले! ऑफिसच्या यादीत त्या रात्री माझा पहिला नंबर. शुभेच्छांचे मेसेज आले, मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

मग चाळाच लागला. आत्याकडून जपमाळ मागून घेतली आणि पहाटे रस्ता मोकळा असताना दहा पावलांना एक मणी असं मोजत चालले. एकशेआठ मणी म्हणजे एक हजार ऐंशी पावलं. उजव्या हातात माळ, डावा हात मोकळा, घड्याळ डाव्या हाताला. त्याने एक हजार बासष्ट दाखवली. याला कोण नावं ठेवील? तेवढ्याच पावलांना तेच हात मागे बांधून चालले तर दोनशेच्या वर पावलं गायब. पाय तेच, रस्ता तोच.

किलोमीटरचं तर विचारूच नका. जीपीएस बंद असलं की घड्याळ पावलांना एका ठरावीक लांबीने गुणतं, आणि ती लांबी आपण भरलेल्या उंचीवरून काढलेली असते. पावली खेळताना दोन पावलं पुढे, एक मागे. घड्याळाच्या लेखी ती सगळी पुढेच. लोणंद ते तरडगाव हा टप्पा मुळात आठेक किलोमीटरचा, मध्ये चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण. अश्व धावून गेला, त्याच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली, आणि मग सगळे नाचले. माझ्या घड्याळाने त्या दिवसाचे सतरा किलोमीटर लावले. सुजलेल्या पायांना मात्र ते पटलं असतं.

संशोधकांना सावकाश चालणाऱ्यांची नेमकी मोजणी हवी असते तेव्हा ते यंत्र घोट्याला बांधतात, हे मला आधी वाचून माहीत होतं. तरडगावात ते विणेकरी बाबांना सांगितलं. त्यांचा एक हात वीणा धरायला, दुसरा तारेवर, मनगटावरची मोजणी त्यांच्या काय कामाची. वीणा खाली ठेवायची नसते, त्यामुळे कीर्तन संपेपर्यंत बाबा उभेच. "बांध मग माझ्या पायाला," म्हणाले. पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ताणला तेव्हा कुठे बसला. फलटणच्या वाटेवर दिवसभर तो तिथेच, आणि रात्री कीर्तनातही.

कीर्तन संपल्यावर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालून बाबा कंदिलापाशी आले आणि पाय पुढे केला. मी आकडा वाचून दाखवला. बाबांनी जरा विचार केला. "यातली कीर्तनातली किती? जागच्या जागी डोललो ती?"

"ती वेगळी काढता येत नाहीत, बाबा."

"मग माझ्या नावावर निम्मी लाव," म्हणाले, "आणि जेवायला वाढ."