तुम्ही विचारलंत म्हणून: मग सर, तुम्ही काय करता?

पालकसभा संपली की चहाचा कप हातात धरून कोणीतरी विचारतंच, पोरांनीच शोधायचं, पोरांनीच मोजायचं, मग सर तुम्ही पगार कशाचा घेता? हसत विचारतात, पण विचारतात.

आधी मी पण प्रकल्प द्यायचो. थर्माकोलचे ज्वालामुखी यायचे, निम्मे वडलांनी रात्री जागून केलेले, माहिती नेटकॅफेतून प्रिंट मारलेली, आणि लाव्हा म्हणजे काय रे विचारलं की पोरगं खाली बघणार. प्रश्न माझा, काम वडलांचं, पोराचं फक्त नाव.

मग सातवीचं हे सावलीचं प्रकरण झालं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मैदानात काठी रोवली, १२ वाजता सावली सगळ्यात छोटी असणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. एक मुलगी म्हणाली, सर १२ नंतर पण कमी होतेय की. उत्तर माझ्या जिभेवर होतं, की आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशाचं, आपण सातारवाले ७४ च्या आसपास, अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सगळ्यात छोटी सावली ३४ मिनिटं उशिरा, १२:३४ ला. गिळलं. "मग नक्की कधी होते, कसं काढशील?" एवढंच विचारलं.

दोन दिवस नुसता गोंधळ, कारण त्या वेळेला लांबी इतकी कमी बदलते की पट्टीवर कळतच नाही. मग एरवी खिडकीबाहेर बघत बसणारा एक जण म्हणाला, काठीभोवती सुतळीने गोल मारू, सावलीचं टोक सकाळी त्याला कधी शिवतं आणि दुपारी परत कधी, ते लिहू आणि मधली वेळ काढू. हे मला सुचलं नव्हतं हो! वेळ आली १२:१८. माझी ३४ मिनिटं गेली कुठे? बरं झालं तोंड उघडलं नाही.

जानेवारीअखेर त्यांनीच परत मोजलं तर १२:४७. मग मी रात्री बसून वाचलं. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार, आस कललेला, त्यामुळे सूर्य घड्याळाच्या कधी पुढे कधी मागे.

तर मी काय करतो? सुतळी आणतो. वहीत तारीख-वेळ पडली का बघतो. एकच हुशार पोर सगळ्यांचं मोजत असेल तर त्याला बाजूला घेऊन दुसऱ्याच्या हातात पट्टी देतो. आणि गप्प बसतो, जे केंद्रप्रमुख दारात उभे असताना फार अवघड जातं. पोर्शन मागे पडतो, खोटं कशाला बोलू, परिमेय संख्या शनिवारी जादा तास घेऊन उरकल्या, आणि चारपाच जण तर नुसतं ऊन खात बसले होते. आणि हे काही माझं डोकं नाही, १९७२ ला मध्य प्रदेशात होशंगाबादच्या १६ शाळांत असाच विज्ञान कार्यक्रम सुरू झाला होता, त्यांच्या पुस्तकात उत्तरं छापलेलीच नसायची, प्रयोग करून काढायची.

मार्चच्या मध्याला १२:४३ आली. आता वर्गात दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते शाळेचं घड्याळ बिघडलंय, दुसरी म्हणते सूर्यच लेट होतोय. पहिल्या पार्टीने मोबाईलवर टाइम चेक करून आणला, तरी भांडण मिटेना. काल ती मुलगी जाता जाता म्हणाली, "सर, तुम्हाला माहितीये ना? तोंडावर दिसतंय तुमच्या."