दरबारीचा गंधार

सांगलीतला गणेशोत्सवाचा कार्यक्रम. पूर्वार्ध हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा, उत्तरार्धात दरबारी रागातल्या एका जुन्या गाण्यावरून थेट त्याच रागातल्या बंदिशीत जायचं, अशी मी केलेली जुळणी. चार व्हायोलिन, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, तबला. गायला शास्त्रीय गाणाऱ्या एक ताई.

दुपारच्या तालमीत ताई तीनदा थांबल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "दादा, माझा गंधार कुणीतरी वर ओढतंय."

दोष माझ्याच लिखाणात होता. आलापाखाली मी मायनर कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर, लिहिली होती. तिच्यात कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ग, असतोच, पण कीबोर्डचा गंधार जागचा हलत नाही. दरबारीचा गंधार त्याहून उतरलेला आणि आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा. दोन गंधार एकमेकांवर घासत होते.

व्हायोलिनची अडचण वेगळी. ताईंची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर. त्या पट्टीत व्हायोलिनला सा-पाची एकही मोकळी, बोट न दाबता वाजणारी तार मिळत नाही. मिळते ती कोमल धैवताची, आणि दरबारीत तोही आंदोलित! मोकळ्या तारेवर आंदोलन घेणार कसं? आमचे ज्येष्ठ वादक गोव्याचे. ते म्हणाले, "मोकळी तार विसरा. सगळं बोटाने वाजवू, ताईंच्या मागून." 1958 साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून राग आणि सिंफनीचा वाद्यमेळ एकत्र आणणारे अँथनी गोन्साल्विसही गोव्याचेच, माजोर्डा गावचे. त्यांचं नाव काढताना आमच्या या वादकांचा आवाज अजून हळवा होतो.

मी पेन्सिल घेतली आणि कॉर्डमधला गंधार खोडला. उरले फक्त षड्ज-पंचम, म्हणजे सा आणि प. आलापाच्या मात्रा मोजणंही बंद केलं. सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघायचं ठरलं.

रात्री ताई गंधारावर थांबल्या. किती वेळ, ते मी मोजलं नाही. चारही गज हलके झाले, बोटं ताईंच्या आंदोलनाबरोबर झुलायला लागली, आणि समोरच्या गर्दीतली कुजबुज थांबली. कीबोर्डवाला पोरगा हात मांडीवर ठेवून ऐकत होता. मग मी हात उचलला, तबल्यावर ठेका सुरू झाला, ऑक्टोपॅड मागून अलगद आला आणि सगळे एकत्र समेवर पोचलो. माझ्या अंगावर काटा होता.

दहाला स्पीकर बंद झाले. वायरी गुंडाळत होतो, तर पोरगा कीबोर्ड बांधायचा सोडून ताईंजवळ गेला. "ताई, तो गंधार पुन्हा एकदा दाखवता?" त्या खुर्चीतच गुणगुणल्या. तो कीबोर्डवरचं सूर वर-खाली करणारं पिच बेंडचं चाक अंगठ्याने केसभर खाली घेत होता, सोडत होता, पुन्हा घेत होता.