तुम्ही विचारलंत म्हणून: असली का नाही घेत?

घरी कुणी आलं की मागच्या खोलीत टेबलावर तो २१ इंची डब्बा टीव्ही दिसतो, त्याच्यापुढे पिवळा पडलेला बिनानावाचा व्हिडिओ गेम, वायरी गुंडाळलेल्या, आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "अरे एवढं कमावतो, असली निन्टेन्डो घे ना, नाहीतर पीएस ५ घे, हे चायना डुप्लिकेट काहून सांभाळून राहिला बे?" भाच्याने विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, बायकोने विचारणं सोडलं आणि आता ती झाडताना वायर जरा जोरात सारते एवढंच. दर वेळी मी तुकड्यातुकड्याने काहीतरी सांगतो. आज सगळं एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या माणसाला हेच वाचायला देईन.

आधी एक सांगतो, लहानपणीच्या आठवणी वगैरे म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवू नका. मी असली घेऊन पाहिलंय. २०१६ मध्ये निन्टेन्डोने छोटा एनईएस क्लासिक काढला, तळहातावर मावेल एवढा, आत ३० गेम, एचडीएमआयने थेट नव्या टीव्हीला. दादा अमेरिकेतून येताना घेऊन आला. मी मारिओ लावला आणि पहिल्याच लेव्हलच्या पहिल्या खड्ड्यात पडलो. परत पडलो. जो माणूस डोळे मिटून वॉर्प झोनला, म्हणजे पुढच्या लेव्हलला उडी मारायच्या चोरवाटेला, जायचा तो १-१ मध्ये, म्हणजे पहिल्याच लेव्हलमध्ये, तीन मारिओ घालवतो म्हणजे काय, दादा हसून हसून लोळला. आणि ते म्युझिक, कुणीतरी मागे कुत्रं सोडल्यासारखं पळत होतं. मला वाटलं वय झालं.

वय नाही झालं. भानगड अशी की असली मशीन, म्हणजे जपानचा १९८३ चा फॅमिकॉम आणि अमेरिकेत गेलेला त्याचा भाऊ एनईएस, सेकंदाला ६० वेळा चित्र काढतं कारण तिकडचे टीव्ही तसे. आपल्याकडच्या टीव्हीची सिस्टीम वेगळी, पाल (PAL) नावाची, सेकंदाला ५०. आणि हे गेम सगळा हिशोब चित्रांवर करतात, दर चित्राला मारिओ एवढा सरकला, दर चित्राला म्युझिक एवढं पुढे गेलं, असं. तैवान-चायनाच्या लोकांनी पाल टीव्हीसाठी जे डुप्लिकेट बनवले त्यात प्रोसेसर जवळपास त्याच वेगाचा, असलीत १.७९ मेगाहर्ट्झ तर यात १.७७, त्यामुळे सूर तेच राहिले, पण चित्रं ५० झाली म्हणून लय उतरली. म्हणजे आमच्या नागपुरात मारिओ विलंबितात पळायचा, असलीच्या पाच-षष्ठांश वेगाने, आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या अंगठ्यात जी उडी बसलीये ती त्या लयीतली. जो माझ्यासाठी असली आहे तो तुमच्या हिशोबाने डुप्लिकेट आहे, आता याला मी काय करू?

डब्बा टीव्ही का, तर बंदुकीसाठी. बदकं मारायची ती बंदूक. आम्हाला वाटायचं तिच्यातून काहीतरी निघतं, किरण वगैरे. काहीच निघत नाही, बंदूक नुसती बघते. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि नळीतल्या सेन्सरला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तर बदक मेलं. जुन्या टीव्हीत सिग्नल आल्याआल्या पडदा उजळतो, एलईडी टीव्ही चित्र आधी आत घेऊन घोळवतो आणि मग दाखवतो, तोवर बंदुकीची बघायची वेळ संपलेली असते. म्हणून त्यावर एक बदक मरत नाही. मेकॅनिकलाच विचारा, नाही तर बंदूक घेऊन या आणि करून बघा.

तर ही दोन उत्तरं मी नेहमी देतो आणि दोन्ही खरी आहेत. पण मागच्या दिवाळीत भाच्याने खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "मामा, एवढ्याशा टीव्हीला हा एवढा मोठा स्टॅबिलायझर कायले?" आणि मी विषय बदलला.

९ मार्च १९९६, शनिवार. वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, बंगलोरला भारत-पाकिस्तान, डे-नाईट. ज्यांना तारीख पाठ आहे त्यांना पुढचं सांगायला नको, पण मला माझंच सांगायचंय. मी ११ वर्षांचा. सकाळची शाळा सुटली, घरी आलो, दादा क्लासला, आई शेजारी पापड लाटायला. बाबा बँकेत, हाफ डे, अडीचपर्यंत येणार. म्हणजे हातात दोन तास.

घरचा नियम एकच होता, टीव्ही स्टॅबिलायझरवरच लावायचा. आमच्या भागात व्होल्टेजचं काही खरं नव्हतं, पंखा कधी रांगायचा, कधी उडून जाईल असं वाटायचं. बोर्डावर दोन सॉकेट. व्हिडिओ गेमचा अडॅप्टर असा गलेलठ्ठ की तो लावला की शेजारी स्टॅबिलायझरची जाड तीन पिनांची पिन बसायचीच नाही, म्हणून गेमसाठी वेगळा एक्स्टेंशन बोर्ड होता. त्या दिवशी तो आईने आत इस्त्रीला लावून ठेवलेला, आणायला गेलो असतो तर दोन मिनिटं लागली असती. मी स्टॅबिलायझर काढला आणि टीव्हीची पातळ दोन पिनांची पिन अडॅप्टरच्या बाजूला तिरपी दाबून बसवली. बसली.

कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेम लावला होता. सुरुवातीला बटणं दाबायचा चोरकोड, वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, की तीस लाईफ. दीडच्या सुमारास ट्यूबलाईट मंद झाली, पंखा रेंगाळला, आणि मग एकदम सगळं पांढरंफटक, पंखा घुमला, टीव्हीतून टिक् असा एकच आवाज आला आणि पडदा गेला. गेमचा लाल दिवा चालू होता. टीव्हीच्या मागच्या जाळीतून गरम वार्निशसारखा वास येत होता, तो वास मला आजही कुठे आला तर पोटात खड्डा पडतो.

मग मी जे केलं ते इतक्या शांतपणे केलं की आज त्याचीच जास्त लाज वाटते. अडॅप्टर काढला. स्टॅबिलायझर जागेवर लावला. टीव्हीची पिन त्याच्यात लावली. आई आली तेव्हा सांगितलं, मी गेम खेळत होतो आणि टीव्ही आपोआप बंद पडला. खेळत होतो हे कबूल केलं, म्हणजे मला वाटलं मी खरं बोललो.

बाबा आलुबोंडे घेऊन आले, कागदातून तेल झिरपलेलं. दोनदा बटण दाबून पाहिलं. शेजारचे काका बोलवायला आले तर "नको, इथे ऐकतो" म्हणाले आणि ट्रान्झिस्टर घेऊन गॅलरीत बसले. अजय जडेजाने वकार युनूसला धुतलं ते आम्ही भिंतीतून ऐकलं, आधी शेजारी गलका आणि मग रेडिओत काय झालं ते. रात्री पाकिस्तानच्या आमिर सोहेलने व्यंकटेश प्रसादला फोर मारून बॅट दाखवली आणि पुढच्याच बॉलला त्याचा स्टंप उडाला, अख्खी गल्ली रस्त्यावर आली, बाबा गॅलरीतून खाली बघत होते. ते रागावले नाहीत. मारलं असतं तर परवडलं असतं असं लिहायचा मोह होतोय पण ते खोटं आहे, मार नको म्हणूनच तर मी पिन बदलली.

सोमवारी सायकलरिक्षात टीव्ही मधे आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलो. मेकॅनिकने मागचं कव्हर काढलं, ब्रशने धूळ झटकली, टेस्टर लावला.

"ईएचटी गेलं जी." म्हणजे पिक्चर ट्यूबला जबर व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर.

बाबांनी विचारलं, "व्हिडिओ गेमनं ना?"

"नाही जी, व्हिडिओ गेमनं काय होते? व्होल्टेजनं उडालं हे. स्टॅबिलायझर नाही लावत का?"

"लावतो ना. रोज लावतो. आजपर्यंत एक दिवस नाही चुकवला," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले, "हो ना रे?"

मी मान हलवली.

मेकॅनिकने खांदे उडवले. "मग व्हिडिओ गेमच असन."

साडेआठशे रुपये लागले. गेम, बंदूक, दोन कॅसेटा, सगळं एका पिशवीत भरून सज्ज्यावर गेलं.

पुढे मी काय केलं तर व्हिडिओ गेमची वकिली. कॉलेजात, ऑफिसात, कुणी नुसतं म्हटलं की गेमनं पिक्चर ट्यूब जाते, की मी सुरू. त्या कॅसेटांमध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती, मशीनची सगळी कामाची मेमरी दोन केबी, म्हणून पोरं पॉज करून जेवायला जायची आणि आईबापांना वाटायचं ते थांबलेलं चित्र ट्यूब खातंय. डाग पडतो, पण व्हिडिओ गेम पार्लरच्या मशीनसारखं तेच चित्र महिनोन्‌महिने चालू राहिलं तर, तुमच्या दोन तासांनी नाही. हे मी इतक्या तावातावाने सांगायचो की मित्र विचारायचे तुझं काय जातंय. बाबांनाही सांगितलं, २-३ वेळा, पूर्ण शास्त्र समजावून. ते म्हणाले, "मग आपला कशानं गेला?" तिथे माझं शास्त्र संपायचं.

११ वर्षांचं पोर, काय बोलणार होतं? असं मी स्वतःला सांगतो. मग आठवतं की वीस वर्षांचा झालो तेव्हाही बोललो नाही, लग्न झालं तेव्हाही नाही. आता चाळिशी ओलांडली. साडेआठशे रुपयांची गोष्ट आहे, सांगून टाक, असं बायको म्हणते. तिला सोपं वाटतं कारण तिने त्यांना त्या गॅलरीत बसलेलं पाहिलं नाही. उलट कधीकधी मला वाटतं मी उगाच वाढवतोय, त्या काळात टीव्ही असेही बिघडायचे, स्टॅबिलायझर असता तरी वाचला असता याची गॅरंटी मेकॅनिकने कुठे दिली होती.

२०१४ ला घर बदललं तेव्हा ती पिशवी सापडली. अठरा वर्षं सज्ज्यावर. उघडला तर आत चिप म्हणून काळ्या डांबराचा एक थेंब, बाजूला व्होल्टेज सांभाळणारा ७८०५ रेग्युलेटर गेलेला, पंधरा रुपयांत नवीन लावला, कॅसेटच्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या (फुंकर मारू नका, थुंकीने गंजतात, आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं तेच केलं), आणि चालू झाला. त्याला उचलून देऊन त्या जागी दुसरा, अगदी असली का असेना, ठेवायचं मला जमत नाही.

बाबा अजून लग्नकार्यात सांगतात, याच्या व्हिडिओ गेमनं टीव्ही उडवला आणि सोहेलचा बोल्ड आम्ही रेडिओवर पाहिला. लोक हसतात. मीही हसतो. मागच्या महिन्यात मी बदकं मारत बसलो होतो तर ते दारात येऊन उभे राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "स्टॅबिलायझर लावला ना?"

"लावला," मी म्हणालो.

पण ते फ्रिजसाठीही रोज विचारतात.