रिकाम्या काट्याची पावती

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात काम करते. शेतकी, लेखा, स्टोअर, प्रयोगशाळा आणि वजनकाटा, सगळ्यांचे प्रिंटर एकाच सर्व्हरवर टांगलेले. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२ होतं. त्याच्या मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टची मुदत १० ऑक्टोबर २०२३ला संपली. नवीन मशीन मंजूर झालं, पण हातात पडेपर्यंत गाळप सुरू झालेलं. असली कामं खरं तर ऑफ सीझनला करायची. पण जानेवारीत जुन्या सर्व्हरची एक डिस्क गेली आणि दुसरी कुरकुरायला लागली.

"मॅडम, हंगाम उरकेपर्यंत ढकलता येत नाही का?" एमडी साहेबांनी विचारलं.

"साहेब, ती डिस्क आपल्या हंगामासाठी थांबणार नाही."

प्रिंट क्यू, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रत्येक प्रिंटरची छपाईची रांग, हलवण्याचं काम वरवर पाहता सोपं आहे. विंडोजमध्येच प्रिंटबीआरएम नावाची सोय असते. जुन्या सर्व्हरवरचे क्यू, पोर्ट, ड्रायव्हर, कागदाचे फॉर्म असं सगळं ती एका फाईलमध्ये बांधून देते आणि नव्यावर सोडते. अडतं ते भोवतालच्या गोष्टींवर. लेखा विभागाच्या दोन लेझर प्रिंटरांना प्रिंटर कंपनीचा स्वतःचा प्रिंट प्रोसेसर, म्हणजे छपाईचा मजकूर तयार करणारा भाग, लागलेला होता. तसले क्यू नव्या सर्व्हरवर उतरताना रुसतात, म्हणून फाईल काढण्याआधीच ते विंडोजच्या स्वतःच्या विनप्रिंटवर आणले. ऑगस्ट २०२१च्या सुरक्षा अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनचे अधिकार लागतात. सकाळी दहा वाजता वीस टेबलांवर पासवर्डची खिडकी उघडू नये, म्हणून ड्रायव्हर आधीच पीसींवर टाकून ठेवले.

सगळ्यात जपायचं होतं ते सर्व्हरचं नाव. काट्यावरचा प्रोग्रॅम डॉसच्या काळातला, फॉक्सप्रोतला. त्याला एलपीटी वन, म्हणजे पीसीचा जुना प्रिंटर पोर्ट, सोडून दुसरा प्रिंटर माहीत नाही. पीसी सुरू होताना 'नेट यूज'ची एक ओळ चालते आणि एलपीटी वनला पाठवलेलं सगळं सर्व्हरच्या क्यूवर जातं. त्या ओळीत सर्व्हरचं नाव आणि क्यूचं शेअरचं नाव असतं. म्हणून पहाटे जुना सर्व्हर बंद केला आणि त्याचं नाव, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, सगळं नव्याला दिलं.

आमच्याकडे काट्याची केबिन एकच, दोन्ही बाजूंना एकेक काटा. एका बाजूला भरलेली वाहनं, दुसऱ्या बाजूला गव्हाणीवर ऊस उतरवून आलेली रिकामी. दोन्ही पीसींना मिळून एक डॉट मॅट्रिक्स, नेटवर्कच्या छोट्या पेटीवर चालणारा. भरकाट्यावरून चिठ्ठी निघाली. पाठोपाठ लेखा, स्टोअर, प्रयोगशाळा इथूनही होकार आले. रिकाम्या काट्यावरून मात्र काहीच निघेना.

एकच केबिन, एकच प्रिंटर, क्यूसुद्धा तोच. मी त्या पीसीवरून सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवर हाक मारली, तर उत्तर येत होतं. सर्व्हरचं नाव टाकून शेअर उघडायला गेले तर तो दारातच उभं करीना. मग माझं लक्ष स्टार्टच्या बटणाकडे गेलं. हिरवं! माझ्या यादीत दोन्ही पीसींपुढे विंडोज सेव्हन लिहिलेलं होतं, आणि हिरवं बटण एक्सपीचं असतं. काटा लिपिक अण्णांनी सांगितलं, मागच्या हंगामात एका रात्री इथला मदरबोर्ड जळाला तेव्हा काटा बंद पडू नये म्हणून स्टोअरमधला जुना डबा आणून बसवला होता. विंडोज एक्सपी.

एक्सपीला फाईल आणि प्रिंटर शेअरिंगची एकच भाषा येते, एसएमबी वन. २०१२ आर२ला ती येत होती. नव्या मशीनवरच्या सर्व्हर २०२२मध्ये ती मुळात बसवलेलीच नसते, मागून घालावी लागते. घालायला पाच मिनिटं आणि एक रीस्टार्ट पुरे होतं.

बाहेर रिकाम्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या थांबायला लागल्या होत्या. अण्णांनी कार्बनचं पुस्तक काढून हाताने पावत्या लिहायला घेतल्या. एक ट्रॅक्टरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "ओ मॅडम, हातची नको. मालकाला छापील लागती. मागं आकडा चुकला हुता, भांडणं झाली." तो बरोबरच बोलत होता. भरवजनातून रिकामं वजन वजा झालं की निव्वळ टन त्या पावतीवर येतात आणि शेतकऱ्याचे पैसे त्यावरच ठरतात. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश उसाचे पैसे १४ दिवसांत द्या म्हणतो. त्या हिशेबाची सुरुवात या कागदापासून होते.

वरून फोन आला. "ते काय असेल ते चालू करा ना. नंतर बघू."

मी नाही म्हणाले. मे २०१७मध्ये वॉनाक्राय याच एसएमबी वनच्या भोकातून जगभर पसरला, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम त्याने अडवलं. त्यावरचा पॅच मार्चमध्येच आलेला होता, हे खरं आहे. तरी ज्या सर्व्हरशी कारखान्यातला प्रत्येक पीसी बोलतो, त्यावर तीस वर्षांहून जुनी वाट एका डब्यासाठी उघडायची, हे मला पटत नव्हतं. आणि 'नंतर बघू' म्हणून उघडलेली वाट कुणी बंद केल्याचं मी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "साहेब, अर्धा तास द्या. सर्व्हरला हात न लावता करते."

एक्सपीला सर्व्हरकडे जायची गरजच नव्हती. मी त्याच पीसीवर नवा पोर्ट केला, थेट प्रिंटरच्या आयपीवर, ९१०० क्रमांकाचा. त्यावर प्रिंटर बसवला आणि तो त्या पीसीवरूनच शेअर केला. मग नेट यूजच्या ओळीतलं सर्व्हरचं नाव खोडून त्या पीसीचं स्वतःचंच नाव लिहिलं. आता एलपीटी वनचा मजकूर पीसीच्याच दारातून आत जाऊन सरळ प्रिंटरवर जाणार होता. प्रोग्रॅमला यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

पहिला प्रिंट काढला तर प्रिंटर ऑफलाईन दिसायला लागला. विंडोज प्रिंटरची हालहवाल एसएनएमपीने विचारतो, नेटवर्कची ती जुनी पेटी त्याला उत्तर देत नाही आणि विंडोज उत्तर नाही म्हणजे प्रिंटर बंद असं धरतो. पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपीची खूण काढली.

टेस्ट पेज मी काढलंच नाही. टेस्ट पेज ड्रायव्हर छापतो, प्रोग्रॅम नाही. ते सुंदर येतं आणि पावती भलत्याच जागी तुटते, हे मी पूर्वी बघितलंय. अण्णांना म्हटलं, खरी गाडी घ्या. ट्रॉली काट्यावर चढली, इंडिकेटरवरचा आकडा थांबला, अण्णांनी एंटर दाबलं. पावती छापून बरोबर छिद्रांच्या रेषेवर थांबली. गाव, खातेदाराचं नाव, वाहन क्रमांक, भरवजन, रिकामं वजन, निव्वळ. अण्णांनी पट्टी लावून फाडली आणि हातच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून मगच खिडकीतून दिली.

हाताने लिहिलेल्या सगळ्या पावत्या दुपारपर्यंत छापून त्या त्या वाहनवाल्याला पोचत्या केल्या. तो एक्सपी मी त्याच संध्याकाळी इंटरनेटपासून तोडला आणि त्याला फक्त प्रिंटर आणि काट्याच्या डेटाचा पीसी दिसेल एवढीच वाट ठेवली. गाळप संपल्यावर दोन्ही पीसी बदलले. काट्याचा नवा प्रोग्रॅम विंडोजवरचा आहे, पावती सर्व्हरच्या क्यूवरूनच जाते. तो लिहून घेताना पावतीची लांबी आणि छिद्रांची रेषा कुठे यायला हवी, हे अण्णांनी प्रोग्रॅमरला स्वतः दाखवलं.