युजरच्या फोनवर काय फुटतंय ते आपल्याला कळायला हवं

मागच्या महिन्यात माझं वेब ॲप वापरणाऱ्या एका काकूंचा फोन आला, अरे ते पैसे भरायचं बटण दाबते तर काहीच होत नाही. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. दोन दिवस नुसता शोधत बसलो आणि शेवटी सेंट्री, म्हणजे युजरच्या फोनवर आलेले एरर आपल्याला कळवणारं टूल, बसवलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी बसवायला हवं होतं.

बसवणं सोपंय, पॅकेज टाकायचं आणि ॲपचा बाकीचा कोड सुरू व्हायच्या आधी इनिटमध्ये (सेंट्री सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये) डीएसएन, म्हणजे एरर कुठे पाठवायचे तो पत्ता, द्यायचा. न पकडलेले एरर, रिजेक्ट झालेले प्रॉमिस (नंतर पूर्ण व्हायची पण फसलेली कामं) ते आपोआप पकडतं. पण ट्राय-कॅचमध्ये एरर पकडून नुसता कन्सोलला टाकला असेल तर तो एरर म्हणून येत नाही, तिथे सेंट्रीला एरर पाठवणारं कॅप्चरएक्सेप्शन हातानेच लिहावं लागतं.

काकूंनी परत बटण दाबलं आणि लगेच एरर आला, आयओएस १२, पण जागा काय तर ओळ १, कारण कोड मिनिफाय झालेला, म्हणजे आकार कमी करायला एका ओळीत दाबलेला! म्हणून सांगतो, सोर्स मॅप (दाबलेल्या कोडवरून मूळ ओळ शोधून देणारी फाइल) बिल्डच्या वेळीच अपलोड करा. केल्यावर नेमकी ओळ दिसली, १,२५,००० मधले स्वल्पविराम काढायला मी रिप्लेसऑल वापरलं होतं, ते सफारीत १३.१ पासून आलं, आणि काकूंचा आयफोन ६ आयओएस १२ च्या पुढे जातच नाही. जी फ्लॅग (सगळ्या जागी बदल करायची खूण) लावून साधं रिप्लेस टाकलं, झालं काम.

आणि हो, बिफोरसेंडमध्ये, म्हणजे एरर सेंट्रीकडे जायच्या आधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, फोन नंबर, ईमेल गाळून टाका, लोकांची माहिती आपल्या डॅशबोर्डवर पडून राहणं मला अजिबात पटत नाही.